मेनॉमिनी लोकांच्या गावाला जाऊन आलो (पॉवॉवला जाणार असाल तर वाचा)

ऑगस्टच्या पहिल्या वीकेंडला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या किशीनाला जाऊन आलो, मेनॉमिनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं गाव, निमित्त त्यांचा पॉवॉव (नाच-गाण्याचा मेळावा), शिकागोहून साधारण चार तास, शेवटचं मोठं गाव शॉनो (पाटीवर 'शवानो' वाटतं, पण म्हणतात शॉनोच) तिथेच पेट्रोल भरून घ्या. शॉनो सोडलं की मक्याची शेतं अचानक संपतात आणि जंगल भिंतीसारखं उभं राहतं, तीच रिझर्व्हेशनची (म्हणजे जमातीच्या राखीव जमिनीची) हद्द.

मला वाटलं आपल्या देवराईसारखं असेल, कुऱ्हाड लावायची नाही वगैरे. तसं अजिबात नाही हो! नीओपिट गावात १९०८ पासून यांची स्वतःची सॉमिल (लाकूड कापायची गिरणी) आहे, लाकूड सतत तुटतंय आणि तरी अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५४ च्या तहाच्या वेळी होतं त्यापेक्षा आज उभं लाकूड जास्त आहे. ओशकोश नावाच्या त्यांच्या प्रमुखाने सांगितलेलं म्हणे, उगवतीकडून मावळतीकडे जात फक्त पिकलेली, आजारी, पडलेली झाडं काढा, टोकाला पोचलात की उलटे फिरा. मधे १९५४ च्या कायद्याने सरकारने त्यांची जमात म्हणून मान्यताच काढली (अंमल १९६१ पासून), मग त्यांच्यातल्याच एडा डीअर या बाई आणि बाकीच्यांनी लढून १९७३ ला ती परत मिळवली. लॉगिंग कॅम्प म्युझियम बघाच, फक्त निघायच्या आधी फोन करून चालू आहे का विचारा, हिवाळ्यात तर नक्कीच.

पॉवॉवला ग्रँड एन्ट्रीच्या (नाचणारे एकत्र रिंगणात येतात त्या) वेळी सगळे उठतात, टोपी काढा, आणि माइकवरून फोटो नको म्हटलं की मोबाईल खिशात. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला 'कॉस्च्युम' म्हणू नका, 'रेगालिया' म्हणतात, आणि हात तर लावूच नका. खायला फ्रायब्रेड आहे, आपल्या भटुऱ्याचा जाडा भाऊ, शाकाहारी असाल तर कशात तळलाय ते विचारून घ्या. हायवे ५५ वर स्पिरिट रॉक नावाचा खडक लागतो, तो झिजून संपला की आपणही संपू असं हे लोक मानतात. पायथ्याशी तंबाखू ठेवलेली दिसेल, ती तशीच राहू द्या. रस्ता सोडून जंगलात शिरणं, गळ टाकणं हे पाहुण्यांसाठी नाही.

आता तांदूळ. मेनॉमिनी हे नाव शेजारच्या ओजिब्वे लोकांनी वाइल्ड राइसवरून (पाण्यात आपोआप उगवणारा जंगली तांदूळ) दिलेलं, स्वतःला ते मामाचेतॉ म्हणतात. एका स्टॉलवरच्या आजींनी सीडरच्या दोन काठ्या माझ्या हातात दिल्या, पेन्सिलीसारख्या हलक्या! एकाने होडी ढकलायची, दुसऱ्याने एका काठीने लोंब्या होडीत वाकवून दुसरीने हळूच थोपटायचं, पिकलेले दाणे तेवढे पडतात आणि जे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बी. मग वाळवायचं, भाजायचं, मऊ चामडी जोडे घालून पायांनी मळायचं आणि बर्चच्या सालीच्या सुपात पाखडायचं, अगदी आमच्या आजीसारखं.

विकत घेताना काळाकुळकुळीत चकचकीत घेऊ नका, तो बहुतेक शेतात लावलेला असतो. हाताने काढलेला तपकिरी, हिरवट, जरा ओबडधोबड दिसतो. महाग आहे पण अर्धा किलो पुरे, फुगतो भरपूर. आणि कुकर नको! मी घरी येऊन सवयीने तीन शिट्ट्या काढल्या, पेज झाली. उघड्या पातेल्यात साधारण वीस मिनिटं बास.