धरगुती भसाले

मार्केट यार्डातल्या गोदामात पोत्यावरून अक्षरं कापलेला पत्रा उचलला. काळा रंग अजून ओला होता. शेजारच्या हमालाने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "ध-र-गु-ती... भ-सा-ले. काय माल हाय सायेब ह्यो?"

लिहायचं होतं 'घरगुती मसाले'. फॉन्ट माझा.

अक्षराचं पोट बंद असलं की पत्रा कापताना मधला तुकडा निखळून पडतो. त्याला धरून ठेवायला एक पट्टी सोडावी लागते. तिला आम्ही ब्रिज म्हणतो, छापलेल्या अक्षरात ती फट होऊन दिसते. अशा कापलेल्या पत्र्याला म्हणतात स्टेन्सिल. अमेरिकेत १९३७ साली 'स्टेन्सिल' याच नावाचे दोन टाइपफेस, म्हणजे अक्षरसंच, निघाले, ते दोन्ही उभे, ठोकळ्यासारखे. आमच्या क्लायंटला मात्र तिरकं, धावतं काहीतरी हवं होतं. एजन्सीने आधी रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट, पास करून घेतला आणि मग नेहमीचं फर्मान आलं, "आता मॅचिंग देवनागरी करून टाका." करून टाका म्हणे! ब्लाउजपीस आहे का?

रोमनमध्ये प्रत्येक अक्षराच्या डाव्या खांद्यावर मी एकच काप दिला होता, बारा अंश कललेला. वाऱ्याची एक रेघ सगळ्या शब्दातून गेल्यासारखी दिसायची. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. तोच काप देवनागरीत आणला. पण आपल्याकडे डाव्या खांद्यावर असते शिरोरेषा. घ आणि म यांचं पोट वरून तीच बंद करते, त्यामुळे तिथे तोडणं सोयीचंही होतं. आणि शिरोरेषा तुटली की घ चा ध होतो, म चा भ होतो, हे पहिलीतलं पोरगं सांगेल. ध-भ ला गाठ असते, कबूल. पण पोत्याच्या सुतावर रंग पसरला की गाठ कोण बघतो? डोळा आधी फट बघतो.

मंजुरीच्या कॉलवर आम्ही पाच जण होतो, पाचही मराठी. एकालाही दिसलं नाही, कारण काय लिहिलंय ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. हमालाला कुणी ब्रीफ पाठवलं नव्हतं.

त्या रात्री सगळे काप खाली उतरवले. घ ची फट तळाशी, काना जोडतो तिथे. म ची आडव्या दांडीत, कान्याला लागून. स चीही तशीच. तरी शिरोरेषा सलग सोडता येईना. शब्दभर लांब चीर पडली की पत्रा मधे वाकतो आणि खालून रंग शिरतो. शेवटी ती अक्षर संपल्यावर, कान्याच्या उजव्या कडेला तोडली, म्हणजे पुढच्या अक्षराचं डोकं पूर्ण झाकलेलं राहतं.

दुसऱ्या पत्र्यावर 'घरगुती मसाले' उमटलं. एजन्सीचं म्हणणं, "पहिल्यात स्पीड जास्त होता." होताच.

म मला अजून जरा लंगडा वाटतो. काल फाइल परत उघडली, दांडीतली फट दोन युनिट डावीकडे सरकवली, आणि होती तिथेच आणून ठेवली.