ब्लॉगिंगवर मराठी ब्लॉग आणि बँकेत अडकलेले शंभर डॉलर : माझा अनुभव

'ब्लॉग कसा सुरू करावा' या विषयावर मराठीत नव्यानं लिहायला काही उरलंय का, असं लातूर-नांदेडकडची पोरं मला नेहमी विचारतात. सुरुवात कशी करावी यावर लिहिणार असाल तर जागा नाही, दारातच चेंगराचेंगरी आहे. पैसे खात्यात कसे येतात यावर लिहिणार असाल तर रान मोकळं आहे, कारण तिथवर कुणी गेलेलंच दिसत नाही. हे दुसरं मला तालुक्याच्या बँकेत उभं राहून कळलं, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

इंग्रजीत हा धंदा जुना. फुकट ब्लॉग काढून देणारं ब्लॉगर १९९९ चं, गूगलनं ते २००३ मध्ये विकत घेतलं, त्याच वर्षी ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारं गूगलचं ॲडसेन्स आलं, आणि २००४ मध्ये डॅरन राउझनं प्रोब्लॉगर काढलं. म्हणजे ब्लॉगमधून पैसे मिळायला लागले न लागले तोच ते कसे मिळवावेत हे सांगणारा ब्लॉगही आला. मराठीत आलं ते त्याच्या हिंदी नकलेची नक्कल होऊन. सगळीकडं त्याच दहा पायऱ्या: नाव ठरवा, डोमेन घ्या, होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायला भाड्याची जागा, घ्या (खाली लेखकाच्या कमिशनची लिंक), थीम टाका, वीसेक लेख लिहा, ॲडसेन्सला अर्ज करा, आणि दहाव्या पायरीवर 'पैसे थेट तुमच्या खात्यात!' उद्गारचिन्हासकट. ते वाचून माणूस ब्लॉग काढतो तो पुन्हा ब्लॉग कसा काढावा याचाच. कमिशनवर तर मराठीत फार भिस्त ठेवूच नका. आपला वाचक ब्लॉगरचं फुकटचं ब्लॉगस्पॉट वापरतो, वर्षाचे पैसे भरून होस्टिंग घेणारे थोडे.

लातूरला शिकवणीचे क्लास एकाला एक लागून आहेत. तिथं आणखी एक फिजिक्सचा क्लास काढणाऱ्याला पोरं मिळायची मारामार, पण त्याच गल्लीत मेस नाहीतर अभ्यासिका काढणाऱ्याला जागा पुरत नाही. ब्लॉगिंगच्या विषयाचंही तेच आहे. गर्दी आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे, फक्त तुम्ही कशाची पाटी लावता ते बघा.

लेख लिहिणं, अर्ज, मंजुरी यावर मी शब्द घालवत नाही. मराठी ॲडसेन्सला चालते. माहितीचं पान, संपर्काचं पान, गोपनीयता धोरण आणि स्वतः लिहिलेला मजकूर असला की काम होतं. नाही झालं तर कारण बहुतेक वेळा 'कमी मोलाचा मजकूर' असं येतं, आणि ते याच विषयात जास्त येतं, कारण त्याच दहा पायऱ्या गूगलच्या यंत्रानं हजारदा वाचलेल्या असतात.

कमाई १० डॉलरला पोचली की पत्त्याच्या पडताळणीसाठी सहा आकडी पिन साध्या टपालानं येतो. दोन ते चार आठवडे धरा. ट्रॅकिंग नसतं, सही नसते, त्यामुळं पोस्टमननं शेजारच्या किराणा दुकानात टाकलं तरी कळत नाही. पत्ता इंग्रजीत लिहा आणि गावाच्या नावापेक्षा पिनकोड व पोस्टाचं गाव बिनचूक असू द्या. जिल्ह्याचं नाव धाराशिव लिहायचं की उस्मानाबाद, संभाजीनगर की औरंगाबाद, यावर २०२३ पासून पुष्कळ डोकेफोड चालते, पण पत्र पिनकोडवर फिरतं. तीन आठवड्यांत आलं नाही तर पुन्हा मागवता येतं. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती बंद होतात. आधीच पोस्टात जाऊन पोस्टमनला मोबाइल नंबर देऊन ठेवा, शंभर युक्त्यांपेक्षा हे कामाचं.

आता बँक.

भारतात ॲडसेन्सचे पैसे वायर ट्रान्सफरनं, म्हणजे परदेशी बँकेतून आपल्या बँकेत, येतात, तेही डॉलरमध्ये. रुपये करायचं काम आपल्या बँकेचं. त्यासाठी ॲडसेन्सच्या फॉर्मवर खात्यावरचं नाव, बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि परदेशातून पैसे येण्यासाठीचा स्विफ्ट कोड लागतो. शाखेत स्विफ्ट कोड मागितला की खिडकीमागचा माणूस पासबुकाच्या पहिल्या पानावर बोट ठेवतो, "हा काय इथंच छापलाय." ते बोट आयएफएससीवर असतं. इथंच निम्मी मंडळी फसतात, कारण दोन्ही ११ अक्षरी असू शकतात आणि दोन्हींची पहिली चार अक्षरं बँकेची असतात. फरक पाचव्या जागेवर बघायचा. आयएफएससीत पाचवं कायम शून्य असतं आणि पुढची सहा शाखेची. स्विफ्टमध्ये पाचव्या-सहाव्या जागी देशाची दोन अक्षरं असतात, आपल्यासाठी 'आय' आणि 'एन', त्यापुढं दोन ठिकाणाची, आणि असलीच तर शेवटची तीन शाखेची. शेवटची तीन नसली तर कोड ८ अक्षरी आणि मुख्य कचेरीचा. आयएफएससी रिझर्व्ह बँकेच्या एनईएफटी-आरटीजीएससाठी आहे, त्यावर परदेशातून छदाम येत नाही.

तालुक्याच्या बहुतेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. त्यांचा परकीय चलनाचा व्यवहार बँकेच्या ठरावीक मोठ्या शाखेतून किंवा मुंबईच्या फॉरेक्स सेलमधून होतो. त्याला लिंक शाखा म्हणतात, आणि आपल्याला तिचा कोड लागतो. मला मिळालेलं उत्तर मात्र असं:

"सर, आपल्याकडं असलं काही येत नाही. नांदेडला जा."

"नांदेडच्या शाखेचा कोड चालेल का, एवढंच सांगा."

"डॉलर कशाचे आहेत?"

"जाहिरातीचे."

"कोणत्या पेपरला देता जाहिरात?"

मी जाहिरात देत नाही, माझ्या पानावर दुसऱ्याची लागते, हे समजावून सांगेपर्यंत मागच्या रांगेतून पीक विम्याची चौकशी करणारे काका ओरडायला लागले. त्यांचंही बरोबरच होतं. साहेब रजेवर, दुसरे साहेब नवीन बदलून आलेले, आणि तिसऱ्यांनी एका जुन्या परिपत्रकावरचा कोड पेनानं चिठ्ठीवर लिहून दिला. असल्या चिठ्ठीवर विसंबू नका. बँकेच्या ग्राहक सेवेला ई-मेल करून 'अमुक आयएफएससीच्या शाखेतल्या खात्यावर डॉलर यायचे आहेत, कोणता स्विफ्ट कोड द्यावा, मध्यस्थ बँक लिहावी लागते का' हे लेखी मागवा. लेखी उत्तर असलं की शाखाही पटकन हलते, तोंडी विचारलं की नांदेड दाखवते.

खातं कुठं आहे हेही आधी बघा. परकीय चलनाच्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, अशा बँकेला अधिकृत डीलर म्हणतात. पतसंस्था यात बसत नाही. गावातल्या लहान बँकेत खातं असेल तर आधी विचारा, नाहीतर मोठ्या बँकेत साधं बचत खातं उघडून मोकळे व्हा.

नावाचा घोळ आपल्याकडं खास. पासबुकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पॅनवर नाव आधी. आधारवर नुसतं बालाजी आणि बँकेत बालाजीराव. फॉर्मवर नाव पासबुकावर इंग्रजीत जसं छापलंय तसंच लिहायचं, 'राव'सकट, त्याच क्रमानं. नाव जुळलं नाही तर फॉरेक्स सेल रक्कम बाजूला ठेवून शाखेला मेल टाकतो. तो मेल शाखेत कोण उघडतं, हा संशोधनाचा विषय आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण ही: पैसे आले तरी ते थेट खात्यात पडतीलच असं नाही. बँक ग्राहकाला विचारते, हे पैसे कशाचे? त्या उत्तराला बँकेत 'डिस्पोजल' म्हणतात. त्यात हेतूचा कोड, म्हणजे पर्पज कोड, लिहायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या यादीत येणाऱ्या पैशांचे कोड 'पी'नं सुरू होतात. जाहिरात सेवेचा पी१००७. शाखेत मात्र हात सवयीनं पी१३०१ वर जातो, कारण त्यांच्याकडं परदेशातून येतं ते आखातात कामाला गेलेल्या पोरानं घरखर्चाला पाठवलेलं. तो कोड नातेवाइकांकडून येणाऱ्या पैशांचा. आपले पैसे सिंगापूरच्या गूगल एशिया पॅसिफिककडून येतात, आणि कंपनी काही आपली मावशी नव्हे. डिस्पोजलच्या फॉर्मवर पी१००७ स्वतःच्या हातानं लिहा, सोबत ॲडसेन्सच्या पेमेंटची पावती जोडा. डिस्पोजल वेळेत गेलं नाही तर रक्कम आली तशी परत जाते, ॲडसेन्सच्या खात्याला 'होल्ड' लागतो, म्हणजे पैसे निघणं थांबतं, आणि तो काढायला बँकेची माहिती नव्यानं भरावी लागते.

तारखा पाठ करा. मागच्या महिन्याची कमाई चालू महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते. ती शिलकीत धरून १०० डॉलर भरत असतील तर २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. होल्ड, पत्ता, कर, बँक यांतलं काहीही दुरुस्त करायचं असेल तर २० तारखेच्या आत, नाहीतर गाडी पुढच्या महिन्यावर. पैसे निघाल्यावर वायरला पंधरा दिवसही लागू शकतात. आठव्या दिवशी बँकेत जाऊन भांडू नका. पंधरा दिवस उलटले तर भांडा, पण हातात व्यवहार क्रमांक घेऊन. 'माझे डॉलर आले का' या प्रश्नाला शाखेत उत्तर नसतं. 'या क्रमांकाची आवक रक्कम नोस्ट्रो खात्यात दिसते का, फॉरेक्स सेलला विचारा' या वाक्याला असतं. नोस्ट्रो म्हणजे आपल्या बँकेचं परदेशी बँकेतलं डॉलरचं खातं. बँकवाले वायरच्या कागदाला एमटी१०३ म्हणतात. नोव्हेंबर २०२५ पासून तो साचा बदलून नवा आला, पण खिडकीवर जुनंच नाव कळतं.

रक्कम कमी का आली, म्हणून पुष्कळजण चिडतात. वाटेतली मध्यस्थ बँक आपला वाटा कापते, आपली बँक आवक शुल्क घेते, आणि चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो. हा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का, पण किमान २५० रुपये, एवढी सेवेची किंमत धरून त्यावर १८ टक्के. म्हणजे २५ हजारांपर्यंत काहीही आलं तरी ४५ रुपये. याशिवाय डॉलरचा भाव बँकेचा असतो, मोबाइलवर दिसतो तो नव्हे. शुल्क दर वायरला असल्यामुळं शंभर-शंभर डॉलर मागवणं तोट्याचं. ॲडसेन्समध्ये पैसे निघण्याची मर्यादा वाढवता येते. मराठी ब्लॉगवर कमाई सावकाश साठते, तेव्हा तीनशेवर नेऊन ठेवा.

एक मागचंच राहिलं, लेख लिहिताना लागतं. ब्लॉगरमध्ये शीर्षक देवनागरीत दिलं की लेखाचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक, नुसता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढं आकडा असा होतो, त्यातून कुणालाच काही कळत नाही. प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकमध्ये रोमन अक्षरांत स्वतः लिहा. वर्डप्रेसमध्ये देवनागरी पत्ता चालतो, पण आत प्रत्येक अक्षर-चिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि दोनशेच्या मर्यादेत बावीसच बसतात. काना-मात्राही यात मोजायच्या. त्यामुळं लांब शीर्षक मध्येच तुटतं. तसंच शोधणारा माणूस 'ब्लॉग कसा सुरू करावा' हे पुष्कळदा रोमन अक्षरांतच टाइप करतो, त्यामुळं लेखात एखाद्या ठिकाणी तो शब्दप्रयोग रोमनमध्ये असू द्यावा.

गर्दीबद्दल विचारणाऱ्यांना विषयही सांगून ठेवतो: देवनागरी पर्मालिंक, पासबुकावरचं नाव, लिंक शाखेचा स्विफ्ट, डिस्पोजलचा फॉर्म कसा भरायचा. यातल्या एकेकावर नीट, फोटोसकट लेख लिहिला तर वाचणारा तुमच्याकडंच येणार, कारण तो बँकेच्या रांगेत उभा राहून मोबाइलवर शोधत असतो.

आणि पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात आवक रकमेचा दाखला मागा. बँकेत त्याला 'फिरा' (एफआयआरए) किंवा 'फर्क' (एफआयआरसी) म्हणतात. वर्षअखेरीला सीए तो मागतो, जीएसटीची नोंदणी घ्यावी लागली तर सेवा निर्यातीचा पुरावाही तोच. शाखेत तोंडी मागू नका, फॉरेक्स सेलच्या पत्त्यावर मेल टाका आणि शाखेला प्रत लावा. त्यावरचा हेतूचा कोड बघा. पी१३०१ छापलेला असेल तर लगेच परत पाठवून दुरुस्त करून घ्या, मार्च उलटल्यावर तेच काम चौपट वेळ खातं.