वाशीत भेटलेली रुक्मिणी

सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी धरली आणि पहाटे कल्याणला उतरले. तिथून लोकलनं ठाणे, ठाण्याच्या दहा नंबरवर वाफाळता चहा, आणि मग वाशीची गाडी. डिसेंबरातला रविवार असल्यामुळे डब्यात खिडकी मिळाली. ठाणं सुटलं की थोड्याच वेळात डाव्या हाताला पारसिकचा डोंगर येतो आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी स्टेशनं भराभर मागे पडतात. मी मात्र मनातल्या मनात भूप राग आळवत होते. संध्याकाळी ‘संगीत स्वयंवर’ हे नाटक बघायचं होतं, तेही आमच्या गल्लीतल्या मुलीचं.

तिचं नाव लिहीत नाही. हौशी नाटकमंडळी आहेत, दिवसभर नोकऱ्या करून रात्री तालीम करतात, आणि हिला स्वतःचा गाजावाजा मुळीच खपत नाही. तर इथे ती रुक्मिणीच. नऊ वर्षांची होती तेव्हा आमच्या ओट्यावर बसून माझ्या वडिलांची पेटी ऐकायची. वडील नाटकांना ऑर्गन वाजवत. आता ती ऐरोलीतल्या एका कंपनीत हिशेब बघते आणि आठवड्यातून तीनदा गाणं शिकायला जाते.

दुपारी तिच्या घरी जेवून थोडी पडले आणि पाचलाच रिक्षा करून नाट्यगृह गाठलं. वाशीतलं विष्णुदास भावे नाट्यगृह. दारात ते नाव वाचलं आणि आम्हा सांगलीकरांना जे होतं ते झालं. भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. आज बघणार ते स्वयंवर लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच, जन्म १८७२. आपल्या गावची दोन माणसं खाडीकाठच्या या नव्या शहरात आपल्याआधी येऊन बसलीत असं वाटलं.

नांदी झाली. ऑर्गन, व्हायोलिन, तबला, खालच्या बाजूला तिघेच. ऑर्गन खरा होता, पायानं भाता मारायचा. ते पाहूनच मी सावरून बसले.

‘स्वयंवर’ म्हणजे गाणाऱ्या नटीची कसोटी. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्व. मूळ संहितेत पदंच पन्नासच्या वर. आता तीन तासांत बसवायचं म्हणून निम्म्याहून जास्त गाळावी लागतात, पण जी उरतात ती एकेक राग मांडून उभी राहतात. आणि बाईनं रुक्मिणी करायची तर आणखी एक अडचण असते. ही भूमिका घडवली पुरुषानं. त्यांच्या गायकीतले लाडिक हेलकावे, शब्द अर्धा धरून सोडायची लकब, हे सगळं कानात इतकं बसलेलं आहे की पुढच्या पुष्कळ जणी रुक्मिणी गात नाहीत, बालगंधर्व गातात. जयमालाबाई आणि कीर्तीताई शिलेदार या मायलेकींनी ही परंपरा किती निष्ठेनं चालवली ते आपण जाणतो. २०२२ च्या जानेवारीत कीर्तीताई गेल्या तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता रुक्मिणी कोण गाणार.

रविवारी थोडं उत्तर मिळालं.

तिचा पहिला प्रवेश. नऊवारी, खांद्यावर शेला, दागिने बेताचे. वाक्य बोलता बोलता तिनं शेवटचा शब्द जरा लांबवला आणि ऑर्गनचा सूर नेमका तिथेच येऊन मिळाला. बोलणं कुठे संपलं, पद कुठे सुरू झालं, मला सांगता येणार नाही. वडील म्हणायचे, ‘पेटीनं सूर द्यायचा नसतो, नटीच्या बोलण्यातला सूर उचलायचा असतो.’ पण त्यासाठी नटीच्या बोलण्यात सूर हवा ना! हिच्या होता. ‘सुजन कसा मन चोरी’ हा भूप तिनं मैफलीसारखा रंगवला नाही. आलाप छोटे, ताना मोजक्या, आणि प्रत्येक तान घेताना ती समोरच्या पात्राकडे बघत होती, आमच्याकडे नाही. चोरी कशी झाली ते मैत्रिणीला सांगताना मुलगी जशी मध्येच थांबते, लाजते, पुन्हा घाईनं सांगते, तशी लय.

मध्यंतरानंतर एका पदात तबला चढायला लागला, लय वाढू लागली. तबलजी तरुण, टाळ्यांनी अंगात आलेलं. तिचं त्याच्याकडे बघणं नाही, हातानं खूण नाही. तिनं एका शब्दावर पाय रोवून उभं राहावं तशी बढत केली, स्वर धरून ठेवला आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली तेव्हा लय जागेवर होती. प्रेक्षकांना काही कळलं नसेल. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग ‘नाथ हा माझा’. यमन. काळी चारच्या पट्टीत गाते ती, आवाज टोकदार नाही, थोडा भरीव, खालच्या मंद्र सुरांत उबदार. पद संपलं आणि मागच्या रांगेतून वन्स मोअर आला. वन्स मोअर म्हटलं की मला नेहमी धास्ती वाटते, कारण नाटक थांबतं आणि कसरत सुरू होते. तिनं पद पुन्हा घेतलं, पण तेच नव्हे. पहिल्या खेपेला वजन ‘नाथ’ या शब्दावर होतं, कौतुकानं सांगितल्यासारखं. दुसऱ्या खेपेला ते ‘माझा’वर गेलं. भाऊ शिशुपालाचं स्थळ लादतोय आणि ही मुलगी ठाम उभी राहून ‘माझा’ म्हणतेय. आवाज वाढवला नाही, गंधारावर जरा जास्त थांबली, इतकंच. शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून पुसला. मला तेवढंही भान नव्हतं.

इतकी वर्षं नाट्यसंगीत ऐकतेय. गळा असलेल्या पुष्कळ ऐकल्या. अभिनय येणाऱ्याही पाहिल्या. दोन्ही एका श्वासात करणारी फार दुर्मिळ, आणि ती माझ्या ओट्यावर बसून शिकली याचा मला आनंद आहे, उघड सांगते.

शेवटी भरतवाक्य, पडदा. रंगपटात गेले तर ती डोक्यातल्या पिना काढत बसली होती. मी तिच्या गालावरून हात फिरवला, बोलायला काही सुचेना. तिनंच विचारलं.

“काकू, यमनमध्ये अंतऱ्यात मी श्वास चुकीच्या जागी घेतला ना?”

घेतला होता. एकदाच, शब्द तुटला होता.

“हो गं. शब्द पुरा होऊ दे, मग घे.”

तिनं मान हलवली, मोबाईल उघडून काहीतरी टिपून ठेवलं आणि पुन्हा पिना काढायला लागली. सोमवारी नऊला तिला ऑफिस गाठायचं होतं.