काटा, झाकण आणि थंड पत्रा

आगा म्हणजे ओव्हन असलेलं बिडाचं जड चुलाणं, शिट्टीचा कुकर नव्हे. आगा म्हटलं की मराठी कानाला 'आग' ऐकू येते, पण त्या दोघींचं नातं नाही. गुस्ताफ दालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरं. त्यांना 1912 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली, आणि 1922 साली त्यांनी हा कुकर काढला. आत बिडाचा जाडजूड गाभा, त्याला चोवीस तास तापवत राहणारा एक लहानसा जाळ, भोवती उष्णता अडवणारं वेष्टण, वर दोन जड झाकणं. गॅससारखी आच चटकन कमी-जास्त करायची सोय नाही. ऊब आधीच साठवलेली असते. आपण ती फक्त खर्च करतो. या चुलाण्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी त्याला गॅससारखं वापरायला गेल्यामुळे होतात.

दोन ओव्हनच्या जुन्या मॉडेलचंच धरू. झाकणांखाली दोन तवे, डावा कडक आणि उजवा मंद. वरचा ओव्हन साधारण 220 ते 250 अंश सेल्सियस, खालचा 100 ते 120. झाकण उचललं की साठा भसाभस उडायला लागतो, म्हणून तव्यावर फक्त सुरुवात करायची आणि पुढचं ओव्हनवर सोपवायचं. स्वयंपाकाचे चार हिस्से ओव्हनमध्ये आणि एक तव्यावर, असा अंदाज ठेवला तर संध्याकाळपर्यंत ऊब पुरते.

भात घ्या. एक वाटी तांदूळ, दीड वाटी पाणी, चवीपुरतं मीठ. कडक तव्यावर खळखळून उकळी आणायची, घट्ट झाकण लावायचं आणि पातेलं खालच्या ओव्हनमध्ये 15 ते 20 मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही, उघडून पाहायचंही नाही.

रस्सा मात्र नुसती उकळी फुटली म्हणून आत ढकलू नये. पातेलं आतपर्यंत तापायला हवं, म्हणून पाचेक मिनिटं नीट रटरटू द्या. खालचा ओव्हन आलेली उकळी टिकवतो, थंड पातेल्याला उकळी आणायचं बळ त्याच्यात नाही. तीन तासांनी मांस चिवटच राहिलं तर चूक इथे शोधावी. राजमा भिजवल्यावर नव्या पाण्यात दहा मिनिटं धडधडून उकळलाच पाहिजे. त्यातलं अपायकारक द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही आणि पोट बिघडतं.

आता केक. त्याला लागतात 180 अंश आणि दोन ओव्हनच्या कुकरात नेमकी तेवढी आच कुठेच नाही. इथे थंड पत्रा कामाला येतो. हा ओव्हनच्या रुंदीचा साधा सपाट पत्रा. केकचं भांडं वरच्या ओव्हनच्या तळाशी जाळीवर ठेवायचं आणि पत्रा त्याच्या डोक्यावर, दुसऱ्या खाचेत सरकवायचा. वरून उतरणारी धग तो अडवतो. पण वीस-तीस मिनिटांत तो स्वतःच तापतो, मग त्याचा उपयोग संपला. केकला जास्त वेळ लागणार असेल तर दुसरा थंड पत्रा हाताशी हवा. आणि पत्र्याची जागा ओव्हनबाहेर. जागा वाचवायला तो आतच ठेवून देणारे लोक नंतर केक वरून करपला म्हणून कुकरला बोल लावतात.

करपण्याचा वास येत नाही, ही या कुकरची सगळ्यात फसवी गोष्ट. ओव्हनमधली वाफ आणि वास थेट धुराड्यात जातात. घर स्वच्छ राहतं खरं, पण विसरलेले बटाटे दोन दिवसांनी काळ्या ठिकऱ्या होऊन सापडतात. गजर लावा. तोही खिशात राहील असा, कारण भिंतीवरचा गजर अंगणात ऐकू येत नाही.

समोरचा काटा ओव्हनचं तापमान सांगत नाही, साठा किती ते सांगतो. सकाळी, काही शिजवण्याआधी, तो मधल्या काळ्या रेषेवर असला की झालं. मोठ्या स्वयंपाकानंतर तो खाली येणारच. तेव्हा थर्मोस्टॅट पिळू नका. पिळलात तर मध्यरात्री काटा लाल भागात जातो आणि सकाळचा पाव जळतो. रात्रभर झाकणं बंद ठेवली की तो आपोआप जागेवर येतो.

पण काही न शिजवताही काटा दिवसागणिक खाली सरकत असेल तर दोष बर्नरमध्ये असतो. तेलाच्या बर्नरमध्ये काजळी धरते, तेल येणारी नळी चोंदते, वाती कडक होतात. साधारण दर सहा महिन्यांनी वाती बदलून बर्नर साफ करून घ्यावा. आदल्या रात्रीच बंद करा, नाहीतर तापलेल्या बिडात कुणालाही हात घालता येत नाही. पुन्हा पेटवल्यावर पूर्ण तापायला जवळजवळ एक दिवस जातो, तेव्हा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये.

कोळशाच्या जुन्या कुकरात दिवसातून दोनदा जाळी हलवून राख पाडायची आणि वरून कोळसा भरायचा. राखेचं दार अर्धवट राहिलं की हवा आत घुसते आणि कुकर बेफाम तापतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढा, तिच्यात निखारे बराच वेळ जिवंत असतात. जाळ कशाचाही असो, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

एनॅमलवर, म्हणजे कुकरच्या बाहेरच्या चकचकीत लेपावर, दूध किंवा लिंबाचा रस सांडला तर ओल्या फडक्याने त्या क्षणी पुसा, नंतर डाग कायमचा बसतो. झाकण लावण्याआधी तव्यावरचे पावाचे कण झाडा. एक कण अडकला तरी झाकण नीट बसत नाही आणि ऊब निसटत राहते. भांड्याचा तळ जाड आणि सपाट हवा. तळाला बाक आलेलं पातेलं तव्याला जेमतेम टेकतं आणि उकळीला दुप्पट वेळ लावतं.

खर्चही पाहून घ्या. दोन ओव्हनचा तेलावरचा कुकर आठवड्याला साधारण 40 लिटर तेल पितो, तुम्ही रांधा किंवा रांधू नका. थंडीत तीच ऊब स्वयंपाकघर गरम ठेवते आणि कपडेही वाळवते, त्यामुळे तेल वाया गेल्यासारखं वाटत नाही. उन्हाळ्यात मात्र तो सरळ बंद करावा आणि एखादी साधी शेगडी जवळ ठेवावी.