पिवळ्या बाणाचा कोन

इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या खाजगी शेतातून, चरणाऱ्या मेंढ्यांच्या मधून, कोणालाही हक्काने चालत जाता येते, ही गोष्ट येथे नव्याने आलेल्या माणसाला सहजी खरी वाटत नाही. अट इतकीच की ती वाट ‘पब्लिक फुटपाथ’ म्हणून अधिकृत नकाशावर नोंदलेली असली पाहिजे. १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला असे नकाशे करायला लावले आणि १९६८ च्या कायद्याने, पक्का रस्ता सोडून वाट जिथे आत वळते तिथे पाटी उभारण्याची जबाबदारीही त्यावर टाकली. पाटीपासून पुढे, वाट एकदा शेतात शिरली की, तिच्या खुणांची निगा बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक राखतात. अशाच एका गटाबरोबर मी अधूनमधून जातो.

खुणा म्हणजे लाकडी खांबांवर ठोकलेल्या लहान गोल चकत्या. पिवळा बाण केवळ पायी चालणाऱ्यांसाठी, निळा घोडेस्वार व सायकलस्वारांनाही मुभा देणारा, जांभळ्या वाटेवर घोडागाडीही चालते आणि लाल वाटेवर मोटारीसुद्धा. पेनाइन वे ही १९६५ मध्ये खुली झालेली सुमारे ४३० किलोमीटरची वाट आणि तिच्यासारख्या इतर राष्ट्रीय वाटांवर ओकच्या फळाचे चिन्ह असते.

चकती ठोकणे हे काम ऐकायला पोरखेळ वाटते, पण त्यातील खरी मेख बाणाच्या कोनात असते. खांबासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला वर रोखलेला बाण ‘सरळ पुढे’ असे सांगतो, त्यामुळे तो किंचित कलला तरी विस्तीर्ण कुरणात माणूस भलत्याच कोपऱ्याकडे निघतो. म्हणूनच चकतीला दोन खिळे मारतात. एका खिळ्यावर ती फिरते, किंवा एखादा खोडकर हात ती फिरवतो. फाटकाच्या उघडणाऱ्या झडपेवर बाण कधीही लावत नाहीत, कारण फाटक उघडे राहिले की बाणाची दिशाच बदलते. शिवाय वाट दोन्ही बाजूंनी चालून पाहावी लागते, कारण उलट दिशेने येणाऱ्याला खांबाची कोरी पाठच दिसत असते.

बाण लावण्याइतकाच संयमही महत्त्वाचा, असे माझे मत झाले आहे. उत्साही नवख्याला प्रत्येक खांब सजवावासा वाटतो. अनुभवी मंडळी मात्र जिथे खरोखर संभ्रम होईल तिथेच खूण करतात आणि जमीनमालकाला विचारल्याशिवाय त्याच्या खांबाला हात लावत नाहीत. वाट अधिकृतपणे वळवली गेली असेल, तर जुने बाण उपटून काढणे हेही कामच, आणि ते हमखास राहून जाते.

नांगरलेल्या शेतापुढे आमचा इलाज चालत नाही. शेतामधून जाणारी वाट नांगरणीनंतर १४ दिवसांत निदान एक मीटर रुंदीची पूर्ववत करणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे. ते झाले नाही, तर त्याच्याशी हुज्जत न घालता आम्ही जागेचा नकाशा-संदर्भ आणि छायाचित्र कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, पाठवतो, कारण पुढील कारवाईचा अधिकार कौन्सिलचा असतो.