अकरावा खेळ: भाचा, धुकं धरलेला मास्क आणि उरलेल्या २२ गोळ्या

पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ. त्याच्या वहीतला हिशोब आधी. पहिला खेळ: गोळ्या १५०, टिपले १, तोही आमच्याच बाजूचा. सहावा खेळ: गोळ्या २००, टिपले २. अकरावा, म्हणजे परवाच्या रविवारचा: घेतल्या १००, उडवल्या ७८, टिपले ५. उरलेल्या २२ भाच्याला दिल्या. त्याने त्या मिनिटभरात टायरच्या थप्पीवर रिकाम्या केल्या.

नेम माझा आजही यथातथाच आहे. मग आकडा कशाने हलला, ते भाच्याला आणि त्याच्या पाच मित्रांना समजावताना माझं मलाच जरा नीट उमगलं, म्हणून आजची नोंद लांबली आहे. पहिल्यांदाच पेंटबॉल खेळायला जाणारं कुणी ओळखीत असेल तर त्यांना वाचायला द्या. जुन्यांनी थंडीचा आणि गॅसचा भाग तेवढा वाचला तरी पुरे.

पौष वद्य एकादशी तोंडावर आलेली, त्यामुळे त्र्यंबक रोडवर निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या. मैदानावर पोचायला अर्धा तास उशीर. त्यात पोरांनी सातपूरला गाडी थांबवायला लावून मिसळ हाणली, वर तर्री मागून मागून. मी चहावर भागवलं. नाशिकचा रविवार आहे, मिसळ चुकवू नका, पण खेळून झाल्यावर खा. तोंडावर घट्ट मास्क, वाकून पळायचं आणि पोटात तर्री, हे तिन्ही एकत्र नांदत नाही. सहापैकी एकजण दुसऱ्या फेरीला बाकावर का बसून होता, ते मी सांगत नाही.

कपड्यांचं थोडक्यात. रंगपंचमीला घालतो तसे जुने, सैल, पूर्ण बाह्यांचे, थंडीत दोन थर. गळ्याला मफलर किंवा सुती उपरणं, हातमोजे, आणि पायात पकड असलेले बूट. चपला-सँडल घालून आलेल्याला मी गाडीतूनच परत पाठवते. मुलांनी क्रिकेटचं गार्ड लावावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. केस लांब असतील तर वेणी शर्टाच्या आत. रंगाची धास्ती मात्र नको. गोळीच्या आत मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि खाण्याचा रंग असतो, पाण्याने निघून जातो. रंगपंचमीचा पक्का रंग याच्यापेक्षा कितीतरी चिवट. कवच मात्र जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. आमच्यातले एक कट्टर शाकाहारी काका आता तोंड मिटून खेळतात. (चव कडू असते. विचारू नका मला कसं माहीत.)

पोरं येताना गाडीत 'गन, गन' करत होती. मी मार्कर म्हणते, आणि ते काही मिरवण्यासाठी नाही. हे यंत्र मुळात अमेरिकेत झाडांवर आणि गुराढोरांवर लांबून रंगाची खूण करायला निघालं. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाच्या जंगलात १२ जणांनी त्याच यंत्रांनी पहिला खेळ खेळला. ज्याचं त्याने लपत-छपत झेंडे गोळा करायचे होते. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. पोरांनी ऐकली, मान डोलावली आणि लगेच विचारलं, "मावशी, एका वेळी किती गोळ्या भरता येतात?" हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात, साधारण २०० मावतात. हे मात्र त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं.

आता मास्क. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

पहिल्या फेरीत भाचा पिंपामागे पोचला, धापा टाकत. सकाळचा गारठा, आतून गरम श्वास, मास्कची काच पांढरी. पुढचं मी वीस पावलांवरून पाहिलं: त्याने मार्कर मांडीवर ठेवला आणि हनुवटीखालून दोन बोटं घालून मास्क वर उचलायला घेतला. मी इतक्या जोरात ओरडले की रेफ्रीने शिट्टी मारून अख्खा खेळ थांबवला. १७ मिलिमीटरची, तीनेक ग्रॅमची गोळी येते तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. मांडीवर लागली तर वळ उठतो, आठवड्यात जातो. डोळ्यावर लागली तर डोळा जाऊ शकतो. जाळीच्या आत मास्क काढायचा नाही म्हणजे नाही. घाम आला, धुकं आलं, माशी शिरली, खेळ संपल्याची शिट्टी झाली, तरीही नाही. शिट्टी ऐकू न गेलेला एकजण झाडामागे असतोच.

काच धुकटली तर आडोशाला खाली बसा, एक हात वर करा, रेफ्रीला हाक मारा. तो बाहेर नेईल. एक फेरी गेली तर गेली. मुळात धुकं कमी धरावं म्हणून तीन गोष्टी मी करते. भाड्याच्या मास्कमधून दुहेरी काचेचा मागून घेते. दोन काचांमध्ये अडकलेल्या हवेमुळे आतली काच तेवढी थंड पडत नाही. नाकावर रुमाल बांधत नाही, कारण त्याने श्वास सरळ वर काचेकडे जातो. आणि आतली काच बोटाने किंवा शर्टाच्या टोकाने कधीच पुसत नाही, वरचा धुकंरोधक लेप निघून जातो आणि पुढच्या माणसाच्या नशिबी कायमचं धुकं. चष्मा असेल तर आधी तो आत बसतो का पाहा; दोन्ही काचा धुकटल्या की आंधळी कोशिंबीर. पट्टा डोक्याच्या मागे खालच्या बाजूला घ्या, मग दोन उड्या मारा, मान झटका. मास्क हलला तर पट्टा आवळा, लाजू नका.

आता थंडी. मी अंबडला मेंटेनन्समध्ये आहे, दिवसभर हवेचे सिलिंडर आणि ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) यांच्याशीच गाठ, त्यामुळे हा माझा आवडता विषय. परवा सकाळी मैदानावर पारा १० अंशांच्या आसपास होता. मार्करला लावलेल्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २१ अंशांना साधारण ८५० पीएसआय (दाबाचं माप), १० अंशांना साधारण ६५०. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गोळ्या मध्येच माना टाकतात आणि नवीन माणूस म्हणतो, मला खराब गन दिली. खरी काळजी उलटी आहे. सकाळी कमी पडतोय म्हणून कुणी स्क्रू फिरवून वेग वाढवून ठेवला, आणि अकरा वाजता ऊन तापलं, की तोच मार्कर मर्यादेच्या बाहेर जातो. वरची मर्यादा सेकंदाला ३०० फूट मानतात, भाड्याच्या मैदानांवर त्याहून कमीच ठेवतात. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग सकाळी एकदा आणि ऊन चढल्यावर पुन्हा एकदा मोजून घ्या. आम्ही मागितल्याशिवाय दुसऱ्यांदा मोजला जात नाही, म्हणून मागतो.

धडाधड गोळ्या सोडल्या की बाटली आणखी थंड पडते, अंगावर दव, मग बर्फ, आणि दाब घसरतो. मार्कर नळी खाली करून धरला तर द्रव आत शिरतो, ओ-रिंग आखडते आणि फुसफुस सुरू. नळी आडवी किंवा जरा वर ठेवा. दाबाच्या हवेची टाकी मिळाली तर ती घ्या. ३००० किंवा ४५०० पीएसआयला भरलेली असते, पण रेग्युलेटरमुळे पुढे दाब सारखा मिळतो, थंडीचा त्रास फार नाही. काहीही असो, बाटली स्वतः उघडायला जाऊ नका. एका पोराने उत्साहात अर्धा आटा फिरवलाच होता.

गोळ्यांनाही ऋतू कळतो. थंडीत कवच ठिसूळ होऊन नळीतच फुटते, पावसाळ्यात दमट हवेने फुगते. घामट हातात मूठभर धरून हॉपरमध्ये ओतल्या की त्या चिकटतात. नळीत गोळी फुटली की पुढच्या दहा गोळ्या कुठेही जातात. आधी नळी पुसणीने साफ, मग बाकीचं. आठव्या खेळात मी पूर्ण एक फेरी माझ्या नेमाला शिव्या घालत होते, नळीत रंगाचा चिखल होता.

तर पहिली फेरी. सहाही पोरं मोबाइलवर रात्र-रात्र खेळणारी, त्यांना वाटलं इथे आपलंच राज्य. शिट्टी झाली, सगळे जागच्या जागी उभे राहून ट्रिगर ओढत सुटले. चाळीस-पन्नास पावलांवर नेमकं मारायची ही वस्तूच नाही. गोळी हलकी, गुळगुळीत, तीस मीटरनंतर कुठे वळेल ते तिचं तिलाच ठाऊक. समोर आमच्या ग्रुपमधल्या वहिनी होत्या. त्या गोळ्यांकडे न बघता सरळ पोत्यांच्या भिंतीपर्यंत पळाल्या, तिथून पोरं उघडी दिसत होती. दीड मिनिटात चार आउट.

शिट्टी झाली की आधी पळा, पोचल्यावर मारा. आडोशाला चिकटून बसू नका, हातभर मागे राहा. चिकटलं की बाजूचं काही दिसत नाही. डोकं वरून काढू नका, कडेने काढा, आणि दोनदा एकाच कडेने नको. समोरचा तिथेच टपलेला असतो. भाचा तीनदा एकाच बाजूने डोकावला. तिसऱ्यांदा काचेच्या मधोमध हिरवा ठिपका.

पण माझा आकडा हलला तो आणखी एका गोष्टीने. सहाव्या खेळानंतर मी वहीत एक रकाना वाढवला: 'बोलले किती वेळा'. तोपर्यंत आम्ही सगळे मुकाट खेळायचो, जणू बोललं की गोळी येते. मग आडोशांना नावं दिली. टायर, पिंप, पोती, आंबा. आता फेरीभर कुणी ना कुणी ओरडत असतं: "टायरमागे दोन!", "आंब्यावरचा गेला!", "मी पोत्यांकडे निघाले, पिंप दाबून धरा!" दाबून धरणं म्हणजे दोन-तीन सेकंद एक-एक गोळी त्या आडोशाच्या कडेला सोडत राहणं, लागली नाही तरी चालेल, समोरच्याचं डोकं आत राहिलं की झालं. तेवढ्यात आपला माणूस बाजूने पोचतो. माझे पाचपैकी चार असेच टिपलेले आहेत, दुसऱ्या कुणीतरी सांगितलेले, दुसऱ्या कुणीतरी दाबून धरलेले. शत्रूही ऐकतो की, असं एका पोराने विचारलं. ऐकू दे. आपण दोघे कुठून येतोय हे कळलं तरी त्याला तोंड एकाच दिशेला करता येतं.

गोळी लागण्याबद्दल. गोळी फुटून रंग उमटला तरच आउट. आपटून परतली तर नाही. पाठीवर कळत नाही, तेव्हा "चेक" म्हणून रेफ्रीला बोलवा. आउट झालात की मार्कर डोक्यावर, मोठ्याने "आउट", आणि जवळच्या कडेने बाहेर. जाळीपाशी नळीवर टोपी चढवल्याशिवाय बाकाकडे यायचं नाही. जुन्या नाशकातला आमचा एक गडी 'आउट'ऐवजी 'धप्पा' म्हणतो, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणाऱ्यांचा शब्द. आता अर्धा ग्रुप तेच म्हणतो. रंग गुपचूप बाहीने पुसणाऱ्याला मात्र आम्ही पुढच्या रविवारी बोलवत नाही. एकाला नाही बोलावलं, माझा चुलत दीर आहे तो. घरी अजून विषय निघतो.

आणि अगदी जवळ, चार पावलांवर कुणी पाठमोरा सापडला तर मारू नका, "सरेंडर" म्हणा. परवा भाचा मला असाच सापडला. त्याने ऐकलं, वळला आणि गोळी झाडली. मफलर होता म्हणून बरं. दुपारी मिसळीच्या टेबलावर त्याने स्वतःचा पापड माझ्या ताटलीत ठेवला, आणि आम्ही विषय संपवला.

शेवटच्या फेरीत पिंपामागून त्याचा आवाज आला, जरा चिरकाच: "मावशी, आंबा! डावीकडे!" मी डावीकडून गेले. पाचवा तो.

घरी आल्यावर त्याच्या नावाचं पान उघडलं. गोळ्या ५० अधिक २२, म्हणजे ७२. टिपले ०. आउट ६ वेळा. बोलला १ वेळा.