यिर्मया ‘आमेन’ म्हणतो तेव्हा

मराठी बायबलच्या ध्वनिमुद्रणात माझं काम म्हणजे वाचणाऱ्याचा सूर मजकुराला धरून आहे ना, हे ऐकणं. त्या दिवशी यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकाचा 28वा अध्याय होता.

प्रसंग इसवीसनपूर्व 594-593च्या सुमाराचा. यरुशलेमच्या मंदिराची पात्रं आणि यहूदाचा राजा यकन्या यांना बाबेलला (बॅबिलोनला) नेऊन काहीच वर्षं झालेली. गिबोन गावचा हनन्या भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. समोर यिर्मया, बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घेऊन नेमकं उलट सांगणारा. आणि तो म्हणतो, आमेन! परमेश्वर असेच करो.

आमचे वाचक रंगभूमीवर मुरलेले. त्यांनी ‘आमेन’ असं काही लांबवलं, की काचेपलीकडचा साउंड इंजिनिअर हसला. मी टेक थांबवला.

“मॅडम, हा टोमणाच आहे. मानेवर जू घेतलेला माणूस दुसरं काय म्हणणार?”

काही भाष्यकारही असंच वाचतात. मी वाचकांपुढे बायबलमधल्याच 1 राजे या पुस्तकाचा 22वा अध्याय उघडून ठेवला. तिथे मीखाया हा संदेष्टा अहाब राजाला खुशाल लढाईला जा म्हणतो, तेव्हा राजालाच खोच कळते आणि तो खरं बोल म्हणून चिडतो. इथे तसं कोणी चिडत नाही. हनन्या मानेवरचं जू मोडतो, तेव्हा यिर्मया काही न बोलता निघून जातो. लाकडी गेलं, आता लोखंडी येईल, हे वचन त्याला नंतर मिळतं. टोमणे मारणाऱ्याची जीभ ऐनवेळी अशी गप्प बसत नाही. आणि हाच माणूस 17व्या अध्यायात देवाला सांगतो, की अनर्थाचा तो दिवस मी कधी इच्छिला नव्हता. आपलंच भाकीत खोटं ठरावं असं त्याला मनापासून वाटत होतं, याबद्दल मला शंका नाही.

ते बराच वेळ पान वाचत राहिले. “म्हणजे हनन्याचं खरं व्हावं, असं याला वाटतंय.”

“हो. आणि होणार नाही, हेही कळतंय.”

पुढच्या टेकला ‘आमेन’ साधं आलं, भरल्या गळ्याचं. यिर्मयाच्या पुढच्या ‘तरी ऐक’च्या आधी त्यांनी श्वास घेतला, आणि तिथे बोलण्याचा रोख स्पष्ट वळला. तो टेक ठेवला.

मग तेच म्हणाले, “हनन्याही पुन्हा घेऊ. त्याला मी खलनायक केलाय.”

अगदी बरोबर होतं. हनन्याही परमेश्वराच्याच नावाने बोलतो, हिब्रू मजकूर त्यालाही संदेष्टाच म्हणतो, आणि मंदिरातल्या लोकांना त्या घटकेला दोघांचेही शब्द सारखेच खरे वाटू शकत होते. अध्याय पहिल्या वचनापासून पुन्हा घेतला.